एमएसच्या रुग्णाने जेवायचे काय?

प्रति,
महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), नवी दिल्ली
मुख्य कार्यकारी अधिकारी, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण (एफएसएसएआय), नवी दिल्ली
आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई



मल्टिपल स्क्लेरोसिसचे (एमएस) निदान झाले की रुग्ण आणि त्याच्या घरचे डॉक्टरांना जे काही विचारतात, त्यात ‘आता खायचे काय?’ हा प्रश्न हमखास असतो. औषध म्हटले की पथ्य आलेच, अशी आपल्या घरांची समजूत आहे. मेंदूतज्ज्ञ बहुतेक वेळा ‘सगळे खा, घरचे खा’ एवढे सांगून पुढच्या केसपेपरकडे वळतात. ते उत्तर खोटे नाही, पण फार तोकडे आहे. रुग्ण दवाखान्याबाहेर येतो, फोन उघडतो, आणि तिथे उत्तर द्यायला तयार असलेले कितीतरी लोक त्याला भेटतात. कोणी गहू सोडायला सांगतो, कोणी दूध, कोणी डाळी. कोणी शौचाचा नमुना मागवून ‘तुमचे जीवाणू बिघडलेत’ असा रंगीत अहवाल देतो. आणि कोणी थेट औषधच सोडायला सांगतो.

माझ्या धाकट्या बहिणीला हा आजार आहे, आणि मी महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिच्याबरोबर ओपीडीत बसून जे ऐकले आणि घरी येऊन शोधनिबंधांत जे वाचले, त्यातून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे असे, की आतड्यातल्या जीवाणूंचा या आजाराशी संबंध आहे हे संशोधनाने बऱ्यापैकी दाखवून दिले आहे. त्या संबंधावरून कोणाला उपचार सांगण्याइतके ज्ञान मात्र अजून जगात कोणाकडेच नाही. या दोहोंमधली जागा आपल्या कार्यालयांनी भरायची होती. ती रिकामी राहिली म्हणून विक्रेते तिथे येऊन बसले आहेत.

आजाराबद्दल थोडक्यात सांगते. शरीराची प्रतिकार यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. मग एका डोळ्याची नजर अंधुक होते, पाय बधिर होतात, तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतो. बहुतेकांत झटका येतो, ओसरतो, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा येतो. विशी ते चाळिशी हे त्याचे वय. पुरुषांच्या दुपटी-तिपटीने तो बायकांना होतो. जगात सुमारे २९ लाख लोक त्याच्यासह जगतात. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचा नावानिशी उल्लेख आहे, म्हणजे सरकारला हा आजार अपरिचित नाही.

आता पोटाकडे येते. २०११ मध्ये जर्मनीतल्या मार्टिन्सरीड इथल्या माक्स प्लांक संस्थेत केर्स्टिन बेरर, गुरुमूर्ती कृष्णमूर्ती, हार्टमुट वेकर्ले आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे उंदरांची एक जात होती, जिला एमएससारखा आजार आपोआप होत असे, बाहेरून काही टोचावे लागत नसे. हेच उंदीर त्यांनी पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवले, म्हणजे आतड्यात एकही जीवाणू नाही अशा अवस्थेत. ते आजारी पडले नाहीत. जनुके तीच, अन्न आणि हवाही मिळत होती, तरी मेंदू शाबूत राहिला. मग त्यांच्या आतड्यांत नेहमीचे, निरुपद्रवी समजले जाणारे जीवाणू सोडले आणि थोड्याच काळात आजार सुरू झाला. एखाद्या रोगजंतूचा संसर्ग इथे नव्हता. रोजच्या वस्तीला असलेल्या जीवाणूंनीच प्रतिकार पेशींना चेतवले होते. सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या माझ्यासारखीला हा प्रयोग वाचून थक्क व्हायला झाले, कारण आम्ही वर्षानुवर्षे या जीवाणूंना पाहुण्यांसारखे शिकवत आलो होतो: असतात, थोडी जीवनसत्त्वे देतात, इतकेच.

उंदरांवरून माणसाकडे उडी मारता येत नाही, म्हणून पुढचे काम जुळ्यांवर झाले. २०१७ मध्ये याच गटाने एकाच बीजापासून झालेल्या ३४ जुळ्या जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत एकाला एमएस होता आणि दुसऱ्याला नव्हता. त्यांच्या शौचातले जीवाणू उंदरांना दिले, तेव्हा आजारी जुळ्याकडून आलेल्या जीवाणूंनी जास्त उंदरांना आजार झाला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनीही वेगळ्या रुग्णांवर असेच काहीसे दाखवले. २०२५ मध्ये जर्मन गटाने ८१ जोड्यांपर्यंत मजल मारली. त्यातल्या काहींच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून नमुने घेऊन आयझेनबर्गिएला तायी आणि लॅक्नोक्लॉस्ट्रिडियम या दोन संशयितांवर त्यांनी बोट ठेवले. शौचाच्या नमुन्यात सगळी गोष्ट दिसत नाही, लहान आतड्यात वेगळीच वस्ती असते, हे त्यातून पुढे आले. घरी डबी पाठवून शौच मागवणाऱ्या कंपन्यांच्या अहवालाचा विचार करताना हे लक्षात ठेवावे.

एक मोठा अभ्यास २०२२ चा. ५७६ रुग्ण आणि त्यांच्याच घरात राहणारी ५७६ निरोगी माणसे, अशी ही तुलना होती. घरातलाच माणूस निवडण्यामागचा विचार मला फार आवडला. एकच स्वयंपाकघर, एकच पाणी, एकच हवा, म्हणजे उरलेला फरक आजाराचा असण्याची शक्यता वाढते. त्यात रुग्णांमध्ये काही जीवाणू वाढलेले आणि काही कमी झालेले दिसले. कमी झालेल्यांत फीकॅलिबॅक्टेरियम होता, जो तंतुमय अन्न आंबवून ब्युटिरेट हे आम्ल तयार करतो. हे नमुने अमेरिका, ब्रिटन, स्पेन आणि अर्जेंटिनातून आले. भारत त्यात नव्हता. तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात अशी घरे ज्या देशात अजून हजारोंनी आहेत, तिथे असा अभ्यास करणे सोपे गेले असते.

आता दुसरी बाजू सांगायलाच हवी. एमएसचे एकच कारण नाही. २०२२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून अधिक माणसांच्या नोंदी पाहून दाखवले, की एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो. पण तो विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि एमएस मात्र थोड्यांना होतो. जनुके, विषाणू, सूर्यप्रकाश, धूम्रपान, लहानपणचा लठ्ठपणा आणि आतडे या सगळ्यांचे धागे कुठेतरी एकत्र येतात. कुठे आणि कसे, याचा शोध चालू आहे.

ॲकरमन्सिया या जीवाणूचे उदाहरण घेते, कारण बाजारात त्याच्याच नावाचा सध्या जास्त गाजावाजा आहे. आतड्याच्या अस्तरावरचा श्लेष्मा खाऊन तो जगतो. वजन आणि साखर यांच्या संदर्भात त्याला ‘चांगला’ ठरवले गेले आणि त्याच्या कॅप्सूल निघाल्या. पण एमएसच्या रुग्णांत तो एकामागून एक अभ्यासांत वाढलेला सापडला. मग तो वाईट म्हणायचा का? बोस्टनच्या हॉवर्ड वायनर यांच्या प्रयोगशाळेने पाहिले, तर रुग्णांच्या शौचातल्या एका रेणूमुळे उंदरांत ॲकरमन्सिया वाढतो आणि वाढल्यावर आजार कमी होतो. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात ज्या रुग्णांत तो जास्त, त्यांचे अपंगत्व कमी दिसले. म्हणजे आग लागल्यावर आलेल्या बंबाला आपण आग लावणारा समजत होतो, असेही असू शकते. खात्रीने अजून कोणी सांगू शकत नाही. माझ्या बहिणीने एका कंपनीकडे नमुना पाठवला, तेव्हा आलेल्या अहवालात मात्र ही खात्री ठासून भरलेली होती. हिरव्या रंगात ‘हितकारक’, तांबड्या रंगात ‘हानिकारक’, आणि शेवटच्या पानावर त्याच कंपनीच्या पावडरीची ऑर्डर द्यायचा क्यूआर कोड. तिच्या एमएसची नोंद फॉर्मवर होती. अहवालात त्या आजाराचा विचार कुठेही दिसला नाही.

आहाराच्या पुराव्याकडे वळू. रॉय स्वँक या डॉक्टरांना नॉर्वेत असे दिसले, की समुद्रकाठच्या मासेमारी करणाऱ्या वस्तीपेक्षा आतल्या, दुधालोण्याच्या भागांत एमएस अधिक आहे. त्यावरून त्यांनी लोणी-चरबी अगदी कमी असलेला आहार मांडला आणि १४४ रुग्णांचा ३४ वर्षांचा पाठपुरावा १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. आहार पाळणाऱ्यांची प्रकृती बरी राहिली, असे त्यांना आढळले. पण तुलनेसाठी वेगळा गट नव्हता. ज्यांची प्रकृती बरी असते तेच पथ्य निभावतात, अशी शंका त्यामुळे कायम राहते. आयोवा विद्यापीठाच्या टेरी वाल्स यांना स्वतःला एमएस आहे. त्यांच्या आहारात भाज्या आणि मांस भरपूर, धान्ये, कडधान्ये आणि दूध जवळजवळ वर्ज्य. २०२१ मध्ये ८७ रुग्णांवर स्वँक आणि वाल्स या दोन्ही आहारांची तुलना झाली. दोन्ही गटांतला थकवा कमी झाला. नेहमीचे जेवण जेवणारा तिसरा गट मात्र त्यातही नव्हता. त्याआधी २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध सगळे पुरावे चाळून पाहिले होते. आहाराचा एमएसवर निश्चित परिणाम होतो किंवा होत नाही, हे सांगण्याइतका पुरावा नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

त्याच आयोवा विद्यापीठात आशुतोष मंगलम यांची प्रयोगशाळा आहे. त्यांच्या गटाने २०२१ मध्ये दाखवले, की सोयाबीनसारख्या कडधान्यांत असणारी आयसोफ्लेव्होन ही द्रव्ये आणि ती पचवणारे जीवाणू दोन्ही असतील तर उंदरांचा एमएससारखा आजार सौम्य राहतो. एकाच विद्यापीठात एक आहार कडधान्ये सोडायला सांगतो आणि दुसरी प्रयोगशाळा कडधान्यांतल्या द्रव्याचा फायदा दाखवते. यात कोणी लबाड नाही, विज्ञान अर्ध्या वाटेवर असताना असेच होते. पण साताऱ्याच्या किंवा जालन्याच्या रुग्णाने यातले काय उचलावे? तुरीचे वरण सोडावे की मटकीची उसळ वाढवावी?

जर्मनीत बोखुमच्या संशोधकांना रुग्णांच्या रक्तात आणि शौचात प्रोपिऑनिक आम्ल कमी आढळले. तंतुमय अन्न आंबवून जीवाणू जी छोटी आम्ले बनवतात त्यांतले हे एक. रोज एक ग्रॅम दिल्यावर दोन आठवड्यांत प्रतिकार यंत्रणेला आवर घालणाऱ्या पेशी वाढल्या. नंतर मागच्या नोंदी तपासता झटकेही कमी दिसले. २०२० चे हे काम आशादायक आहे, पण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ती चाचणी नव्हती. मिठाचे तर उलटेच झाले. जास्त मीठ उंदरांचा आजार वाढवते असे २०१३ मध्ये गाजले, पुढे शेकडो रुग्णांच्या नोंदींत तसा संबंध सापडला नाही. आळणी जेवून जेवणावरची वासना गेलेले रुग्ण मला माहीत आहेत.

आपल्याकडचा प्रश्न मला या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. भारतात एमएस पश्चिमेपेक्षा कमी आहे. मंगळूरला लेखा पंडित यांनी लोकसंख्येवर आधारित पाहणी केली, तेव्हा प्रमाण लाखामागे आठच्या आसपास निघाले. पण त्याच्या कितीतरी आधी मुंबईतल्या नोशिर वाडिया यांच्यासारख्या मेंदूतज्ज्ञांनी दाखवून दिले होते, की मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात हे प्रमाण लाखामागे २० च्या वर आहे. देश एकच असून वंश निराळा आणि राहणीही निराळी. दुसरे उदाहरण ब्रिटनचे. भारतीय उपखंडातून तिकडे गेलेल्या पहिल्या पिढीत एमएस विरळा होता. तिथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांत तो तिथल्या गोऱ्या समवयस्कांच्या जवळ पोचला, असे १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. रक्त आई-बापांचेच, म्हणजे बदलले ते भोवतालचे जग. त्यात ऊन कमी झाले, संसर्गांचे वय बदलले, आणि अन्नही बदलले.

भोपाळ आणि केरळमधल्या निरोगी माणसांच्या आतड्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वनस्पतिजन्य जेवण जास्त असलेल्या भोपाळकडच्या लोकांत प्रिव्होटेला या जीवाणूचे राज्य दिसले. दुसरीकडे अमेरिकी एमएस रुग्णांत प्रिव्होटेला कमी आढळला आहे, आणि माणसाच्या आतड्यातून वेगळ्या केलेल्या त्याच्या एका जातीने उंदरांचा आजार दाबल्याचे २०१७ मध्ये दाखवले गेले. मिनेसोटात स्थायिक झालेल्या ह्मोंग आणि कारेन लोकांत प्रिव्होटेला वर्षागणिक हरवत जातो, तंतू पचवायची ताकदही जाते, हे २०१८ मध्ये दिसले. म्हणून प्रिव्होटेला एमएसपासून वाचवतो असे मी म्हणणार नाही, कारण त्याचीच दुसरी जात संधिवाताशी जोडली गेली आहे. पण ज्वारीची भाकरी, मटकी, ताक आणि पालेभाजीवरून वेफर्स, बिस्किटे आणि मैद्यावर येणाऱ्या पुण्या-नागपूरच्या तरुणांच्या आतड्यात हेच घडत असेल, तर ते आत्ता मोजायला हवे. दहा वर्षांनी तुलना करायला जुने आतडे उरणार नाही.

मोजायची साधने आपल्याकडे आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात सूक्ष्मजीवांचा फार मोठा संग्रह आहे आणि भारतीय आतड्यांवर तिथे वर्षानुवर्षे काम झाले आहे. मंगळूरच्या गटाने न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या एमएसच्या चुलत आजारात एक क्लॉस्ट्रिडियम जीवाणू वाढलेला असल्याचे २०२१ मध्ये दाखवलेही आहे. माणसे, यंत्रे, रुग्ण सगळे आहे. रुग्णांचे मेंदूतज्ज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि आहारतज्ज्ञ यांना एका प्रकल्पात बांधणारे कोणी हवे आहे. महासंचालक महोदय, ते काम आयसीएमआरचे आहे. आणखी एक कारण आहे: भाकरीचे पेटंट निघत नाही. नाचणी, ज्वारी, हुलग्याची चाचणी कोणतीही औषध कंपनी करणार नाही. सरकारने केली नाही तर ती होणारच नाही.

तशी चाचणी कशी असावी, याबद्दल रुग्णाच्या घरातून सुचते ते लिहिते. सगळ्या रुग्णांचे औषध चालूच ठेवावे. चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटाला प्रादेशिक धान्ये, कडधान्ये, भाज्या आणि ताक यांचा ठरवलेला आहार द्यावा, दुसऱ्याचे नेहमीचे जेवण ठेवावे. घरातल्या निरोगी माणसाचेही नमुने घ्यावेत. एमआरआय वाचणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे हे कळू नये. आणि सुरुवात करण्यापूर्वी एकदा रुग्णांच्या स्वयंपाकघरात जाऊन यावे.

हे शेवटचे मी मुद्दाम लिहिते आहे. या आजाराच्या बहुसंख्य रुग्ण बायका आहेत, आणि आपल्या घरांत स्वयंपाक त्याच करतात. उष्णतेने एमएसची लक्षणे तात्पुरती उफाळतात. श्रमानंतर अशी तात्पुरती मंदावणारी नजर जर्मन डॉक्टर उट्होफ यांनी १८९० मध्येच नोंदवली होती. एप्रिलमध्ये तव्यासमोर भाकऱ्या थापताना माझ्या बहिणीची नजर धूसर होते, पायातले बळ जाते. पंखा लावला तर गॅस विझतो. बोटे बधिर असताना सुरीने भाजी चिरणे जोखमीचे असते. अशा बाईला दिवसाला नऊ वाट्या भाज्या खायला सांगणारा तक्ता देताना, त्या कोण निवडणार, कोण चिरणार, हा प्रश्न कोणी विचारत नाही. लघवीवर ताबा राहत नाही म्हणून अनेक रुग्ण पाणी कमी पितात. त्यांना एकदम चोथ्याचे जेवण वाढवायला सांगितले तर बद्धकोष्ठ आणखी घट्ट होते, आणि बद्धकोष्ठ हा या आजारात आधीच मोठा त्रास आहे. काही जणांना गिळताना ठसका लागतो, त्यांना कोरडी भाकरी चालत नाही. हे सगळे कळायला आहारतज्ज्ञ मेंदूविकाराच्या ओपीडीतच बसलेला असावा लागतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात, पण एमएसच्या रुग्णाला त्यांच्याकडे पाठवायची रीत मी तरी पाहिलेली नाही.

अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त महोदय आणि प्राधिकरणाचे अधिकारी, आता बाजाराबद्दल. औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे. त्याच्या परिशिष्टात मेंदूचे आणि मज्जासंस्थेचे विकार आहेत, म्हणजे ते बरे करतो अशी औषधाची जाहिरात करणे हा गुन्हा ठरतो. तर विक्रेते आपल्या पावडरीला औषध म्हणतच नाहीत, ‘अन्नपूरक’ म्हणतात. पण अन्नाच्या बाबतीतही २०१८ चे जाहिरात व दावे नियम रोग बरा करण्याच्या दाव्याला मनाई करतात, आणि अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. औषध म्हटले तरी बंदी, अन्न म्हटले तरी बंदी. महाराष्ट्रात दोन्ही कायद्यांची अंमलबजावणी एकाच प्रशासनाकडे आहे, त्यामुळे माल दोन खात्यांच्या मध्ये निसटला असे म्हणायलाही जागा नाही. तरी ‘आतडे शुद्ध करा, एमएस मुळापासून घालवा’ अशा मराठी चित्रफिती रोज रुग्णांच्या व्हॉट्सॲपवर फिरतात. तक्रार येण्याची वाट पाहू नका. व्हीलचेअरवरची बाई तक्रार नोंदवायला येणार नाही.

यात पैशांपेक्षा मोठे नुकसान आहे. ‘जीवाणू सुधारले की औषधाची गरज नाही’ असे ऐकून रुग्ण औषध सोडतो. फिंगोलिमॉड किंवा नॅटॅलिझुमॅब अचानक थांबवले तर काही रुग्णांत आजार आधीपेक्षा जोराने उसळतो आणि त्यात गेलेली ताकद परत येईलच असे नसते. एमएसच्या झटक्यांना रोखण्याचा खात्रीचा पुरावा आज औषधांकडे आहे, आहाराकडे नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी प्रथमच तीन औषधे घातली: क्लॅड्रिबिन, ग्लॅटिरामर आणि रिटुक्सिमॅब. रिटुक्सिमॅब भारतात बनते. ते सरकारी रुग्णालयात सहज मिळाले तर परवडत नाही म्हणून पावडरीकडे वळणारे कितीतरी रुग्ण वळणारच नाहीत.

हा आजार थोड्यांचा आहे, असे उत्तर येईल याची मला कल्पना आहे. मंगळूरचे प्रमाण २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राला लावले तर सुमारे नऊ हजार रुग्ण होतात. हे ढोबळ गणित आहे, कारण राज्याने मोजणी केलेली नाही. पण त्यांतली बहुतेक माणसे विशी-तिशीत आजारी पडलेली आहेत, कमावती, नुकतीच लग्न झालेली, लहान मुले असलेली. त्यांना या आजारासह चाळीस-चाळीस वर्षे काढायची आहेत.

म्हणून आपल्याकडे मागणे असे. आयसीएमआरने आणि तिच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने एमएसच्या रुग्णांसाठी एक पानी आहारपत्रक काढावे. संस्थेची २०२४ ची आहार मार्गदर्शक तत्त्वे सर्वसाधारण माणसांसाठी आहेत. हे पान रुग्णांसाठी असावे. त्यात आज जे ठामपणे सांगता येते तेवढेच असावे: औषध सोडू नका, तंबाखू सोडा, कडधान्ये आणि भाज्या हळूहळू वाढवा आणि त्याबरोबर पाणीही, ड जीवनसत्त्व तपासून डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेच घ्या, कुठलाही अन्नगट पूर्ण सोडण्यापूर्वी विचारा. जे ठाऊक नाही तेही त्याच पानावर लिहावे, की कोणताही आहार एमएस बरा करतो असे सिद्ध झालेले नाही. ते मराठी, कोकणी, हिंदी, कन्नड अशा भाषांत प्रत्येक मेंदूविकार ओपीडीत लावावे. याला नवी योजना लागत नाही, निधीही नगण्य लागतो.

घरपोच शौच-चाचण्यांवर आयसीएमआरने मार्गदर्शक सूचना काढाव्यात. २०२४ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने अशा चाचण्यांच्या मर्यादा स्पष्ट मांडल्या आहेत, तो आधार हाताशी आहे. ‘या अहवालावरून कोणत्याही आजाराचे निदान वा उपचार ठरवता येत नाहीत’ हे वाक्य पहिल्या पानावर, रुग्णाच्या भाषेत आणि मोठ्या अक्षरांत छापणे सक्तीचे करावे. जी कंपनी चाचणी करते तिनेच त्यावरचा उपाय विकू नये.

अन्न व औषध प्रशासनाने मराठीतल्या अशा जाहिरातींवर स्वतःहून कारवाई करावी आणि किती नोटिसा काढल्या, किती दंड वसूल झाला, हे दर तिमाहीला जाहीर करावे. आणि भारतीय आहाराची वर सांगितलेली चाचणी पुणे, मुंबई, नागपूर आणि मंगळूर यांना एकत्र घेऊन सुरू करावी. रुग्ण नमुने द्यायला तयार आहेत. माझ्या ओळखीतल्या रुग्णांना मी विचारले आहे. त्यांची अट एकच: निकाल आम्हालाही सांगा.

या पत्राची प्रत तिन्ही कार्यालयांना टपालाने पाठवली आहे. उत्तर लेखी मिळावे, आणि ते मराठीत असावे, म्हणजे इतर रुग्णांनाही वाचायला देता येईल.

आपली,
एमएसच्या एका रुग्णाची बहीण
पुणे